पाच साइट्सवर अकाउंट आहे, मग क्लायंट कुठे आहेत?

(सदराकडे आलेलं पत्र, ओळख पटेल असं सगळं काढून, थोडं आटोपशीर करून)

"ताई, मी एका कंपनीत बरीच वर्षं एमआयएसचं काम करते. म्हणजे वेगवेगळ्या डिपार्टमेंटच्या एक्सेल शीट्स गोळा करायच्या, साफ करायच्या, जुळवायच्या आणि महिन्याचे रिपोर्ट काढायचे. फ्रीलान्सिंग करायचं म्हणून अपवर्क, फायव्हर, फ्रीलान्सर डॉट कॉम, पीपलपरअवर आणि गुरू अशा पाच साइट्सवर अकाउंट उघडलं, 'डेटा एन्ट्री अँड एमएस ऑफिस एक्स्पर्ट' असं प्रोफाइल टाकलं. गेले काही महिने ऑफिसहून आल्यावर रोज प्रपोजल (म्हणजे क्लायंटने टाकलेल्या कामासाठी अर्ज) टाकते, बहुतेकांचा रिप्लायच येत नाही. रेट अगदी खाली आणला तेव्हा एक छोटं काम मिळालं, क्लायंट खूश झाला आणि आता म्हणतोय पुढचं काम साइटच्या बाहेर करू, कमिशन वाचेल. दुसरीकडे ओळखीतला एक जण त्याचं जुनं, भरपूर रिव्ह्यूवालं अकाउंट भाड्याने द्यायला तयार आहे, कमाईतला अर्धा हिस्सा त्याचा. घरचे म्हणतात हे सगळं फ्रॉड असतं, नाद सोड. मैत्रीण म्हणते नोकरी सोडून पूर्ण वेळ दिल्याशिवाय यात काही होत नाही. मला एवढंच सांगा, यातली नेमकी कुठली साइट चांगली? आणि ते अकाउंट घेऊ का?"

आधी तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देऊन टाकते, तुमचा जीव उगाच टांगणीला नको. ते अकाउंट घेऊ नका. का ते पुढे सांगते.

आता "कुठली साइट चांगली". हा प्रश्न मला इतक्या पत्रांमधून येतो आणि प्रत्येक वेळी मला वाटतं की घोडं भलतीकडेच अडलंय. तुमच्या पत्रात मला साइटच्या नावांपेक्षा जास्त खटकलं ते तुम्ही प्रोफाइलवर लिहिलेलं 'डेटा एन्ट्री अँड एमएस ऑफिस एक्स्पर्ट'. तुम्हीच वर लिहिलंय की तुम्ही पाच जणांकडून पाच पद्धतीने आलेल्या शीट्स जुळवता, त्यातल्या चुका शोधता, रिपोर्ट बनवता. ही डेटा एन्ट्री आहे का हो? डेटा एन्ट्री म्हणजे कागदावरचं किंवा पीडीएफमधलं बघून शीटमध्ये टाइप करणं. त्या कामाला शिकावं लागत नाही म्हणून जगभरातून ज्याला ज्याला घरबसल्या कमवायचंय तो प्रत्येक जण आधी तिथेच उभा असतो, रेट तळाला गेलेला असतो आणि भामट्यांची गर्दी पण तिथेच सगळ्यात जास्त, कारण नवखी माणसं तिथेच सापडतात. म्हणजे तुमच्याकडे कौशल्य एक आहे आणि तुम्ही रांगेत उभ्या आहात दुसऱ्याच खिडकीसमोर, आणि अशाच रांगेत पाच ठिकाणी!

बहुतेक जणांचं असंच होतं कारण नोकरीत आपल्या कामाला जे नाव असतं ते आपल्याला साधं वाटायला लागतं. "मी काय, एक्सेलचंच तर काम करते." पण बाहेर एखादा छोटा ऑनलाइन धंदा करणारा माणूस असतो, त्याच्याकडे तीन ठिकाणांहून विक्रीच्या फाइल्स येतात, त्याला महिनाअखेर नक्की किती पैसे मिळाले तेच कळत नसतं, त्याला डेटा एन्ट्रीवाली नकोय, त्याला तुम्ही हव्या आहात. तो शोधताना "एक्सेल रिपोर्ट ऑटोमेशन", "डेटा क्लीनिंग", "पॉवर क्वेरी" (एक्सेलमधलंच, फाइल्स साफ करून जोडायचं साधन), "गुगल शीट्स डॅशबोर्ड" असं काहीतरी टाइप करतो. प्रोफाइलच्या पहिल्या ओळीत हे शब्द नसतील तर तुम्ही त्याला दिसणारच नाही, साइट कुठलीही असो.

आता साइट्सकडे येऊ, कारण फरक आहेच, फक्त तो चांगल्या-वाईटाचा नाहीये. फरक आहे कोण कोणाकडे जातं याचा.

अपवर्कवर क्लायंट काम टाकतो आणि तुम्ही त्याच्याकडे जाता. (ही साइट म्हणजे ईलान्स आणि ओडेस्क या दोन जुन्या कंपन्या २०१३ च्या शेवटी एकत्र आल्या त्यातून झालेली, अपवर्क हे नाव २०१५ चं. अजून कुठे जुन्या व्हिडिओत ओडेस्कवर अकाउंट कसं उघडायचं असं दिसलं तर पुढे जा.) तिथे प्रपोजल टाकायला कनेक्ट्स, म्हणजे साइटचे विकतचे टोकन, लागतात, एक कनेक्ट ०.१५ डॉलरला पडतो आणि एका कामाला कामाप्रमाणे बरेच कनेक्ट्स जातात, त्यात वर दिसायला बोली लावायची म्हटली तर आणखी. म्हणजे प्रत्येक प्रपोजल हा खर्च आहे, मिळो न मिळो. दिसेल त्या कामाला प्रपोजल टाकत सुटणाऱ्याचे पैसे तिथे बिनबोभाट संपतात.

फायव्हर उलटं. २०१० मध्ये सुरू झालं तेव्हा सगळं काही ५ डॉलरला अशीच त्यांची टूम होती, त्यावरूनच नाव, आता किंमत आपण ठरवतो. तिथे तुम्ही दुकान मांडून बसता, म्हणजे गिग बनवता, आणि गिऱ्हाईक शोधत शोधत तुमच्यापर्यंत येतं. त्यामुळे तिथे प्रपोजल लिहिण्याची कला फारशी कामाची नाही, तिथे गिगचं शीर्षक, फोटो, किंमत आणि नक्की काय मिळणार हे इतकं स्पष्ट हवं की माणसाने न विचारता ऑर्डर करावी. "मी एक्सेलची सगळी कामं करते" हे गिग चालत नाही. "तुमची विस्कळीत एक्सेल शीट साफ करून देईन, डुप्लिकेट काढून, तारखा आणि नावं एकसारखी करून, इतक्या ओळींपर्यंत, इतक्या दिवसांत" हे चालू शकतं. सुरुवातीला मात्र तिथे आठवडेच्या आठवडे स्मशानशांतता असते, हे माहीत असू द्या, नाहीतर रोज उघडून बघाल आणि रोज हिरमुसाल.

फ्रीलान्सर डॉट कॉमवर बोली लागते, आणि खूप लागते. काम टाकल्यावर काही मिनिटांत ढीगभर बिड येतात, त्यातल्या निम्म्या तर काम न वाचताच टाकलेल्या असतात. तिथली एक गोष्ट नवीन लोकांना हमखास झटका देते, ती म्हणजे फिक्स्ड, म्हणजे ठराविक रकमेच्या, कामात साइटची फी (१० टक्के किंवा ५ डॉलर, जे जास्त असेल ते) तुम्ही काम स्वीकारता त्या क्षणी कापली जाते, पैसे हातात आल्यावर नाही. क्लायंट नंतर गायब झाला तर फीच्या मागे लागत बसा. तिथे काम घ्यायचंच असेल तर स्वीकारण्याआधी माइलस्टोनचे, म्हणजे कामाच्या एकेका टप्प्याचे, पैसे भरायला सांगा आणि मगच बटण दाबा.

पीपलपरअवर ब्रिटनमधली, २००७ पासूनची, तिथे एकाच क्लायंटकडून कमाई वाढत गेली की कमिशन खाली येतं, त्यामुळे टिकणारा क्लायंट मिळाला तर परवडतं. गुरू जुनी आहे, शांत आहे, कमिशनही तुलनेने कमी, पण जिथे कमिशन कमी तिथे जावं हा हिशेब तितकासा बरोबर नाही, कारण काम नसेल तर कमिशन शून्य असलं तरी काय करायचंय. टॉपटलसारख्या ठिकाणी आधी ते तुमची परीक्षा घेतात, मुलाखत, टेस्ट, मग आत घेतात, ते तूर्त सोडून द्या. आणि कॉन्टेस्ट नावाचा प्रकार, जिथे पंचवीस जण काम करून देतात आणि पैसे एकाला मिळतात, तो तुमच्या कामाला फारसा लागू नाही, पण हे वाचणाऱ्या डिझाइनर मंडळींना सांगते, हात बसवायला एखाददुसरी ठीक, पोट भरायला नाही. माझं मत तर असं आहे की सरावच करायचा तर स्वतःच्या पोर्टफोलिओसाठी करावा, दुसऱ्याच्या लॉटरीसाठी कशाला?

तर पाच साइट्स म्हणजे एक ना धड भाराभर चिंध्या. पाच ठिकाणी अर्धवट प्रोफाइल, पाच इनबॉक्स, आणि एकीकडचा रिव्ह्यू दुसरीकडे चालत नाही हे सगळ्यात महत्त्वाचं. तुमच्याकडे रोज संध्याकाळचे तासदोन तास आहेत, ते पाचांत वाटले तर कुठेच इतिहास तयार होत नाही. मी तुमच्या जागी असते तर दोनच ठेवल्या असत्या, एक जिथे मी जाते (अपवर्क) आणि एक जिथे ते येतात (फायव्हर), त्यातही मेहनत पहिलीवर आणि दुसरीवर फक्त दोन-तीन नीट बनवलेली गिग्ज ठेवून द्यायची. तीनेक महिने तरी असं करून बघा. तुमच्या कामाला हे दोन्ही बसतात कारण शीट साफ करणं हे ठराविक मापाचं काम आहे, ते गिगमध्ये मावतं, आणि रिपोर्ट सिस्टीम बसवून देणं हे बोलून ठरवायचं काम आहे, ते प्रपोजलमध्ये मावतं. वेगळ्या क्षेत्रातल्या वाचकांचं उत्तर वेगळं येईल, भाषांतर करणाऱ्यांनी प्रोझ बघावी, १९९९ पासून चालू आहे आणि तिथे ब्लू बोर्डवर कुठली एजन्सी पैसे देते आणि कुठली बुडवते हे इतर भाषांतरकारांनी लिहून ठेवलेलं असतं, हा एकच भाग माझ्या मते सोन्यासारखा आहे. डिझाइनवाल्यांचं काम बिहान्सवर, म्हणजे डिझाइनचे नमुने मांडायच्या साइटवर, दिसलं पाहिजे. काम कुठलंही असो, लोक ते कसं विकत घेतात हे आधी बघायचं, साइट मग.

आता प्रपोजलचं. तुम्ही म्हणता रिप्लाय येत नाही, आणि तुम्ही असं धरून चाललात की रिव्ह्यू नाहीत म्हणून येत नाही. असेलही थोडं. पण मी क्लायंटच्या बाजूला बसून प्रपोजलं वाचलेली आहेत म्हणून सांगते, समोर यादी असते, प्रत्येकाच्या प्रपोजलच्या जेमतेम पहिल्या दोन ओळी दिसतात आणि त्या दोन ओळी सगळ्यांच्या सारख्याच असतात. डिअर हायरिंग मॅनेजर, मला अमुक वर्षांचा अनुभव आहे, मी मेहनती आहे, तुमचं काम मी शंभर टक्के अचूक करेन. २०२२ च्या शेवटी चॅटजीपीटी आल्यापासून तर विचारूच नका, आता त्याच ओळी निर्दोष इंग्रजीत येतात एवढाच फरक, आणि वाचणाऱ्याला चौथ्या प्रपोजलनंतर वास येतोच. तेव्हा तुमचं इंग्रजी साधं असेल तर असू द्या, साधं आणि मुद्द्याचं असलं की झालं.

समजा एकाने लिहिलंय की माझ्याकडे तीन ठिकाणांहून विक्रीच्या फाइल्स येतात, दर महिन्याला एकत्र रिपोर्ट हवाय. तुमचं प्रपोजल इथून सुरू व्हावं, अर्थ असा, इंग्रजी तुमचं: "तिन्ही फाइल्समध्ये ग्राहकांची नावं वेगवेगळ्या स्पेलिंगने असतील तर नुसतं कॉपी-पेस्ट करून बेरीज जुळणार नाही, आधी नावांची एक मॅपिंग शीट लागेल. मी हे पॉवर क्वेरीत बसवून देते, म्हणजे पुढच्या महिन्यात नवीन फाइल फोल्डरमध्ये टाकून रिफ्रेश केलं की रिपोर्ट तयार. एक विचारायचं होतं, तिन्हींमध्ये कस्टमर आयडी एकच आहे का, की नावावरूनच जुळवावं लागेल?" बस. यात तुमचा अनुभव किती वर्षांचा ते लिहिलेलंच नाही, तरी वाचणाऱ्याला कळतं की ही बाई या चिखलात उतरलेली आहे. आणि शेवटी प्रश्न आहे, त्याला उत्तर द्यावंसं वाटतं, एकदा उत्तर दिलं की बोलणं सुरू. असं प्रपोजल लिहायला वेळ लागतो हे मान्य, म्हणून तर रोज दहा नको, आठवड्याला पाच-सहा पुरेत.

आणि कुठली पाच-सहा, तर ते कामाखाली क्लायंटची माहिती असते ती वाचून ठरवायचं. पेमेंट व्हेरिफाइड आहे का, आधी किती कामं टाकली आणि त्यातल्या किती कामांना खरंच माणूस घेतला, एकूण खर्च किती, सरासरी तासाचा रेट काय दिला. वीस कामं टाकून दोनच जणांना घेणारा माणूस बाजारभाव बघत फिरतोय, त्याच्यावर कनेक्ट्स घालवू नका. प्रपोजलचा आकडा ५० च्या वर गेलेला असेल तर सोडा, क्लायंटने शेवटचं केव्हा बघितलं ते चार दिवसांपूर्वीचं असेल तरी सोडा. त्याने आणि आधीच्या फ्रीलान्सरांनी एकमेकांना दिलेले रिव्ह्यू पण वाचत जा, कधी कधी तिथे फ्रीलान्सरने क्लायंटचं नावही लिहिलेलं असतं, "थँक्यू अमुक", म्हणजे तुम्ही प्रपोजलमध्ये माणसाला कुठल्या नावाने हाक मारायची ते कळतं, आणि दर वेळी भांडून एक स्टार देणारा गिऱ्हाईक आधीच ओळखू येतो.

रिव्ह्यू नसताना दाखवायचं काय? काम दाखवायचं. पण इथे एक गोष्ट नीट ऐका, ऑफिसच्या फाइल्स दाखवायच्या नाहीत, नावं पुसूनही नाहीत. तो डेटा तुमचा नाही आणि ज्या क्लायंटला तुम्ही तो दाखवाल तो शहाणा असेल तर मनात म्हणेल की उद्या माझ्या फाइल्स पण ही अशीच दुसऱ्याला दाखवणार. कॅगल नावाच्या साइटवर सरावासाठी फुकट डेटासेट मिळतात, नाहीतर स्वतःच मुद्दाम घाणेरडी शीट बनवा, तारखा उलटसुलट, नावात स्पेस, डुप्लिकेट, आणि मग ती साफ करून शेजारी शेजारी आधीचं आणि नंतरचं असं चित्र लावा. असे तीन नमुने असले की प्रोफाइल भरलेलं दिसतं. आणि हो, नोकरीच्या करारात बाहेरचं काम करण्याबद्दल काय लिहिलंय ते पण काढून वाचा, बऱ्याच कंपन्यांच्या करारात हे असतं आणि सही करताना कोणीच वाचत नाही.

रेट. तुम्ही रेट पाडलात आणि काम मिळालं, त्यामुळे तुम्हाला वाटतंय की स्वस्त असलं की मिळतं. एका कामावरून एवढं धरून चालू नका. पहिल्या एक-दोन कामांना थोडं कमी घेणं मला चुकीचं वाटत नाही, पण मग काम लहान घ्या, रेट लहान नको. म्हणजे मोठं काम कवडीमोलाने करण्याऐवजी दोन तासांचं काम योग्य भावात, कारण रिव्ह्यू दोन्हींचा सारखाच दिसतो आणि तुम्ही किती कमी रेटने काम केलं ते मात्र पुढच्या क्लायंटला प्रोफाइलवर दिसू शकतं. शिवाय रेट ठरवताना कमिशन धरून ठरवा. फायव्हर २० टक्के घेतं, म्हणजे १०० डॉलरच्या ऑर्डरमधले तुमचे ८०, आणि तेही ऑर्डर पूर्ण झाल्यावर नव्या सेलरला साधारण १४ दिवसांनी काढता येतात. अपवर्क आधी सगळ्यांकडून १० टक्के घ्यायचं, २०२५ च्या मे पासून नव्या कामांना शून्य ते १५ टक्क्यांच्या मधलं काहीतरी, किती ते प्रपोजल टाकतानाच दिसतं, तेवढं बघून आकडा टाका. त्याच्यावर पैसे काढण्याचा खर्च, चलन बदलण्यातली घट आणि तुमच्या इथला टॅक्स. हे सगळं वजा जाऊन तासाला काय उरतं तो तुमचा खरा रेट.

तासावर की ठराविक रकमेवर, हे पण विचारतात लोक. तासावर घेतलं तर अपवर्कचं ट्रॅकर लावून काम करायचं, ते मधूनमधून तुमच्या स्क्रीनचे फोटो घेतं, अनेकांना ते आवडत नाही आणि मलाही ते फारसं सुखाचं वाटत नाही, पण नियम पाळून नोंदवलेल्या तासांच्या पैशाला संरक्षण त्यामुळेच मिळतं. ठराविक रकमेच्या कामात माइलस्टोनचे पैसे आधी साइटकडे जमा झाले आहेत का ते बघूनच फाइल उघडायची, जमा नाहीत तर काम सुरू नाही, क्लायंट कितीही गोड बोलू दे. काम दिल्यावर ते साइटवरच सबमिट करा, नुसतं मेलने पाठवू नका, कारण सबमिट केल्यावर क्लायंट १४ दिवस गप्प बसला तरी पैसे आपोआप सुटतात, मेलने पाठवलेल्याला हा नियम लागत नाही.

आता तुमचा खूश झालेला क्लायंट. तो वाईट माणूस असेलच असं नाही, कमिशन वाचवावंसं कोणाला वाटत नाही. पण अपवर्कवर भेटलेल्या क्लायंटशी दोन वर्षं साइटमधूनच व्यवहार करायचा असा नियम तुम्ही अकाउंट उघडताना मान्य केलाय, त्याआधी बाहेर पडायचं तर त्याची वेगळी फी भरून रीतसर पडता येतं, आणि फायव्हरवर तर बाहेरचा संपर्क द्यायचाच नाही. सापडलं तर अकाउंट जातं. समजा नाहीच सापडलं, तरी तुम्ही तो हिशेब करून बघा, कमिशन वाचलं क्लायंटचं आणि तुमचं थोडं थोडं, गेलं काय तर तुमचा दुसरा रिव्ह्यू, जो आत्ता तुम्हाला त्या कमिशनपेक्षा कितीतरी जास्त हवाय, आणि पैसे बुडाले तर दाद मागायची जागा. त्याला सरळ लिहा की तुमच्याबरोबर काम करायला आवडलं, पुढचंही करायचंय, पण माझं अकाउंट नवीन आहे, नियम मोडायची जोखीम मी घेऊ शकत नाही, इथेच नवा माइलस्टोन टाकता का. आणि सोबत त्याला काहीतरी द्या, म्हणजे कमिशनची सूट नाही, काम. दर महिन्याला हाच रिपोर्ट मी करून देईन असं सुचवा. जो क्लायंट तुमच्याकडे परत यायला तयार आहे तो तुमच्या पाचही अकाउंट्समधली एकमेव खरी कमाई आहे, आणि तुम्ही पत्रात त्याला एका ओळीत उरकलंय! नव्या दहा प्रपोजलांपेक्षा या एका माणसाचा पुढचा महिना पक्का करणं सोपं आहे.

भाड्याचं अकाउंट. हे म्हणजे हात दाखवून अवलक्षण. एक, या साइट्सवर अकाउंट दुसऱ्याला वापरायला देणं सरळ सरळ बंद आहे. दोन, कधीही ओळखपत्र मागतात, अपवर्क तर व्हिडिओवर चेहरा दाखवायला लावू शकतं, तेव्हा काय त्याला बोलवून आणणार? तीन, पैसे त्याच्या नावाच्या खात्यात जाणार, मग त्यातला अर्धा तो देईल तेव्हा तुमचा. चार, आणि हे मला सगळ्यात वाईट वाटतं, वर्षभर मर मर काम करून जे रिव्ह्यू मिळतील ते त्याच्या नावावर. ज्या दिवशी तुमचं बिनसेल त्या दिवशी तुम्ही पुन्हा शून्यावर. वर क्लायंटला वाटत असणार की तो दुसऱ्याच माणसाशी बोलतोय, व्हिडिओ कॉल मागितला की बहाणे, हा ताण रोजचा. नको.

घरच्यांचं म्हणणं अगदीच उडवून लावू नका, फ्रॉड असतातच, आणि ओळखायला सोपे असतात. काम देण्याआधी रजिस्ट्रेशन, डिपॉझिट, ट्रेनिंग, काहीही म्हणून तुमच्याकडून पैसे मागितले, की तो चोर. पहिल्याच मेसेजमध्ये टेलिग्राम किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर या म्हणाला, की सावध. पीडीएफ बघून वर्डमध्ये टाइप करा आणि त्याचे शेकडो डॉलर, हे काम जगात कोणाला नसतं, पीडीएफ वर्डमध्ये करायला आता सेकंद लागतात. चुकून जास्त पैसे पाठवले, फरक परत करा, हा पण जुना सापळा. आणि "आधी सँपल म्हणून ही पूर्ण फाइल करून दाखवा" म्हणणाऱ्याला तुमचे तीन नमुने पाठवा आणि नवीन काम हवं असेल तर छोटा माइलस्टोन मागा. एवढं घरच्यांना सांगितलंत तर त्यांचा निम्मा घोर कमी होईल, उरलेला निम्मा पहिले पैसे खात्यात आल्यावर.

राहिली मैत्रीण, नोकरी सोड म्हणणारी. तिला माझा रामराम सांगा आणि नोकरी सोडू नका, निदान आत्ता तरी. पूर्ण वेळ दिल्याने प्रपोजलं जास्त जातील, रिप्लाय जास्त येतीलच असं नाही, आणि महिनाअखेरची धास्ती असली की माणूस कुठल्याही रेटला, कुठल्याही क्लायंटला हो म्हणतो. नोकरी आहे म्हणून तुम्ही आज वाईट काम नाकारू शकता ही केवढी मोठी सोय आहे. दोन-तीन क्लायंट दर महिन्याला परत यायला लागले आणि संध्याकाळ पुरेनाशी झाली, सलग काही महिने, तेव्हा मला परत पत्र लिहा, मग आपण त्यावर बोलू.

बाकी तीन अकाउंट्सचं काय करायचं असं तुमच्या मनात येईल. डिलीट करायची घाई नको, पण त्यावरचं 'डेटा एन्ट्री एक्स्पर्ट' तेवढं काढा, आणि कुठे फुकट ट्रायल म्हणून मेंबरशिप घेतलेली असेल तर ऑटो-रिन्यू बंद केलंय का ते आजच बघा, कार्ड जोडलेलं असतं आणि आपण विसरून जातो. आणि त्या क्लायंटला उत्तर आज रात्रीच टाका, प्रोफाइल उद्या केलंत तरी चालेल.